वेळूच्या बेटाचे व्याज

मराठी घर बेळगावात असो, बडोद्यात असो, इंदुरात असो वा हैदराबादेत असो. त्या घरात बुरुडाच्या हातची एखादी तरी वस्तू सापडतेच. धान्य पाखडण्याचे सूप, तांदूळ धुण्याची रोवळी, देवपूजेच्या फुलांची परडी, मंगलकार्यात वाण देण्यासाठी आणलेली सुपे, जुन्या वाड्यांतून कोपरा अडवून बसलेली धान्याची कणगी, अशी ही यादी कितीही लांबविता येईल. प्लॅस्टिकच्या आगमनानंतर या वस्तूंचे राज्य आकुंचले हे खरे. तथापि वाण देताना प्लॅस्टिकचे सूप चालवून घेण्याइतके आपण अद्याप पुढारलेले नाही. संस्कृत भाषेने वेळूला आणि कुळाला ‘वंश’ हा एकच शब्द दिला आहे. जमिनीखालच्या एकाच मुळापासून दर पावसाळ्यात नवी पिढी वर यावी, जुन्या पिढीच्या आडोशाने वाढावी आणि पुढे तिने आपल्या मागून येणाऱ्यांना आडोसा द्यावा, या रीतीने बेट विस्तारत जाते. कुळाला याहून समर्पक उपमा शोधूनही सापडली नसती.

शास्त्राचा विषय घरच्या भाषेत मांडावा, हा या सदराचा शिरस्ता आहे. त्याला अनुसरून या वेळी आम्ही वनवृद्धीच्या मोजमापाचा विषय घेतला आहे. जंगल दरवर्षी किती वाढते, हे मोजायचे कसे. त्या मोजणीवर विसंबून तोड किती करायची. आणि मोजणी चुकली तर काय होते? प्रश्न वनखात्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर थेट आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचते. आमच्या सीमाभागाला लागून असलेल्या एका जिल्ह्यात हे साऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. तेथील वेळू कुऱ्हाडीने संपत आणला, असे सामान्यतः म्हटले जाईल. आमच्या मते कुऱ्हाड नंतर आली. पहिला घाव हिशेबाच्या वहीत पडला होता.

प्रथम मोजणीचे मूळ तत्त्व पाहू. ते कोणाही गृहिणीला शिकवावे लागणार नाही, इतके सोपे आहे. पेढीवर ठेव असली तर तिचे व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. जंगलात उभे असलेले लाकूड ही मुद्दल आणि त्या लाकडात दरसाल पडणारी भर हे व्याज. सन १७१३ मध्ये जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ या खाणखात्याच्या अधिकाऱ्याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदीच्या भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडापायी आसपासची राने उजाड होत चालली होती. राने संपली तर भट्ट्या थंडावतील आणि भट्ट्या थंडावल्या तर प्रांताचे वैभव जाईल, हे त्याने ओळखले. जेवढे वाढते तेवढेच तोडावे आणि तोडलेल्याच्या जागी नवे लावावे, असे त्याचे सांगणे होते. पुढे याच विचारातून जर्मनीत वनशास्त्राच्या शाळा निघाल्या.

तत्त्व सोपे, अडचण अशी की, पेढी आपले व्याज पासबुकात लिहून देते आणि जंगल काही लिहून देत नाही. वृक्षाची वाढ आपल्यालाच शोधून काढावी लागते. त्यासाठी वनशास्त्राने घेराची युक्ती काढली. मनुष्याच्या छातीच्या उंचीवर, आपल्या देशाच्या प्रघाताप्रमाणे जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे जुन्या मापाने साडेचार फुटांवर, खोडाचा घेर फितीने मोजायचा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची. त्या जागी रंगाची खूण करून ठेवायची आणि काही वर्षांनी नेमक्या त्याच खुणेवर पुन्हा फीत लावायची. दोन मापांतील अंतर ही त्या वर्षांतील वाढ. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. ६० सेंटीमीटर घेराचे झाड ६६ सेंटीमीटरांचे झाले आणि १२० सेंटीमीटरांचे झाड १२६ चे झाले, तर फितीवर दोघांची वाढ सारखीच दिसते. परंतु मोठ्या झाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ लहान झाडाच्या जवळजवळ दुपटीने वाढलेले असते. म्हणजे घेराचा आकडा लिहून भागत नाही, त्याचा अर्थही लावावा लागतो.

एकेक झाड मोजणे ठीक. पण शेकडो मैल पसरलेले अरण्य मोजायचे कसे? आपल्या भागात त्याचे उत्तर प्रथम शोधले ते डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८५६ साली त्याची नेमणूक ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांवर झाली. तो हत्तीवर बसून ठरावीक वाटेने रानातून जाई आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत दिसणारे सागाचे झाड घेराप्रमाणे वर्ग पाडून मोजी. त्या मोजणीसाठी तो लाकडाच्या काठ्यांवर चाकूने खाचा पाडीत असे, अशी हकीकत सांगतात. साऱ्या रानातील एक लांबलचक पट्टी अशी मोजली की, उरलेल्या रानाचा अंदाज त्रैराशिकाने काढता येई. सहा फूट वा अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गाची, म्हणजे तोडण्याजोगी. त्याखालच्या वर्गातले झाड पहिल्या वर्गात यायला जितकी वर्षे लागतात, तितक्या वर्षांत पहिल्या वर्गाची तोड वाटून घ्यायची. समजा, २४ वर्षे लागत असतील, तर दरसाल चोविसावा हिस्सा तोडायचा. तो पुरा होईतो मागची फळी तयार झालेली असते. १८६४ साली ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला आणि ही मोजणीची पद्धत थोड्याफार फरकाने सर्वत्र रूढ झाली. प्रत्येक वनविभागाची दहा-पंधरा वर्षांसाठी ‘कार्य आयोजना’ बनविण्याची जी चाल आजही आहे, तिचा पाया असा घातला गेला.

आता वेळूकडे वळू. सागासाठी बसविलेला हिशेब वेळूला लागू पडत नाही, हे या कथेचे मर्म आहे. वेळू वृक्ष नव्हेच. ते गवत आहे. सागाचे खोड दरसाल जाड होते. वेळूचा कोंब जमिनीतून वर येतो तो पुरत्या जाडीचाच असतो. आषाढ-श्रावणात फुटलेला कोंब काही महिन्यांतच आपली संपूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर त्याची जाडी तसूभरही वाढत नाही. पुढची दोन-तीन वर्षे तो फक्त निबर होत जातो. म्हणून वेळूच्या एकाच काठीला दरसाल फीत लावून बसणाऱ्याच्या पदरी काहीच पडणार नाही. वेळूची वाढ काठीत नसते, बेटात असते. बेटाला या पावसाळ्यात किती कोंब फुटले आणि त्यांतील किती जगून काठी झाले, हेच त्याचे व्याज. कोंब फुटतात पुष्कळ. पण ते कोवळे, गोडसर आणि साऱ्यांच्या आवडीचे असतात. गुरे त्यांवर टपलेली असतात, रानडुकरे आणि साळिंदर टपलेली असतात, वानरे टपलेली असतात. मनुष्यही मागे नाही. कोवळ्या कोंबाची भाजी गोमंतकात आणि कारवारकडे किती आवडीने खाल्ली जाते, हे आमच्या वाचकभगिनींना सांगण्याची आवश्यकता नाही.

वेळूच्या जातींत एक आणखी भेद आहे. आपल्याकडे मेस म्हणून जो भरीव वेळू ओळखला जातो, त्याला काटे नसतात. कळक मात्र काटेरी. त्याच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे असे जाळे विणलेले असते की, आत हात घालण्याची कोणाची छाती होत नाही. काठी तोडणाऱ्याला हे जाळे मोठे संकट वाटते. या जाळ्याची गोष्ट पुढे येणार आहे, तेव्हा वाचकांनी ते ध्यानी ठेवावे.

उत्तर कन्नड जिल्हा, ज्याला आमची जुनी मंडळी अद्याप ‘कारवार जिल्हा’ म्हणतात, हा बेळगाव, धारवाड, विजापूर यांच्यासह १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता. हल्याळ, सुपे, जोयडा या बाजूचे रान साग, जांभा, मत्ती आणि वेळू यांनी गच्च भरलेले. त्या रानातून वाहणाऱ्या काळी नदीच्या काठी दांडेली येथे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला. देश नुकता स्वतंत्र झालेला. शाळा निघत होत्या, वर्तमानपत्रे वाढत होती, कागदाची टंचाई होती. वेळूच्या लगद्याचा कागद चांगला होतो. तेव्हा रानात अफाट पसरलेला वेळू कारखान्याला द्यावा, यात कोणालाही वावगे वाटले नाही. सरकारने तो दिला, आणि दिला तोही टनामागे दीड रुपया इतक्या नाममात्र दराने. त्याच वेळूसाठी बुरुडाला मात्र बाजारात त्याच्या कित्येक पट मोजावे लागत. कन्नड मुलखात या समाजाला मेदार म्हणतात. टोपल्या, सुपे, तट्ट्या विणून ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरीत आली होती.

दर स्वस्त होता हे एक. पण कराराचा सारा डोलारा उभा होता तो एका आकड्यावर. या रानात एकूण वेळू किती आणि दरसाल त्यातून किती काढता येईल, याचा अंदाज वनखात्याने दिला होता. त्या अंदाजाप्रमाणे कारखान्याची भूक आणि रानाचे व्याज यांचा मेळ कायमचा बसणार होता. प्रत्यक्षात तसे झाले नाही. दहा-पंधरा वर्षांतच वेळू कमी पडू लागला. कारखान्याच्या मालमोटारी आधी जवळच्या रानांत गेल्या, मग दूरच्या रानांत, मग परराज्यांत. मेदारांच्या हाताला काम उरेना. कर्नाटकातील बुरुडांची ही तक्रार सत्तरीच्या दशकाच्या मध्यास सरकारच्या कानी गेली आणि वेळू खरोखर किती आहे, हे नव्याने तपासण्याचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांकडे आले. त्या कामाचे प्रमुख होते मूळचे पुण्याचे माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद.

या मंडळींनी पहिली गोष्ट केली ती अशी की, वही बाजूला ठेवून ती रानात गेली. ठिकठिकाणी बेटे मोजली, बेटांतल्या काठ्या मोजल्या, कोंब मोजले. तेव्हा आढळून आले की, खात्याच्या दप्तरातला वेळूचा साठा प्रत्यक्षातल्या साठ्याहून कितीतरी पटींनी फुगलेला होता. एवढी मोठी तफावत पडतेच कशी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. अशा अंदाजाची रचना पाहिली म्हणजे त्याचे उत्तर मिळते. एका हेक्टरात बेटे किती, एका बेटात दरसाल निघणाऱ्या काठ्या किती आणि असे वेळूचे रान एकूण किती हेक्टर, या तीन संख्यांचा गुणाकार म्हणजे वार्षिक उत्पन्न. आता समजा, मोजणी करणाराने वाटेलगतची दाट बेटे पाहून पहिली संख्या दुप्पट धरली, भरघोस बेटावरून दुसरीही दुप्पट धरली आणि नकाशावरील सारे हिरवे रान वेळूचेच समजून तिसरीही दुप्पट धरली. प्रत्येक वेळी चूक दुपटीचीच. पण उत्तर आठपट झाले. बेरजेतील चुका एकमेकींना कधी सावरून घेतात. गुणाकारातील एकाच दिशेच्या चुका एकमेकींना फुगवीत जातात. शाळेत त्रैराशिक शिकताना आपल्याला हे कोणी सांगितले नाही, पण संसारात त्याचा अनुभव पुष्कळांना आला असेल.

तथापि, साठ्याची चूक ही अर्धीच हकीकत झाली. दुसरी चूक व्याजाची होती आणि ती अधिक उद्बोधक आहे. कळकाच्या बुडाशी असणाऱ्या काटेरी जाळ्याचा उल्लेख वर आला आहे. वनखात्याची समजूत अशी की, या जाळ्यामुळे बेटात दाटी होते. ते काढून टाकले तर बेट मोकळे होईल, त्याची वाढ जोमाने होईल आणि तोडही सुलभ होईल. त्याप्रमाणे बेटांची बुडे साफ करण्याची रीत पडली. गाडगीळ रानात हिंडत असता तेथील गावकऱ्यांनी त्यांना सांगितले की, हे उलटेच चालले आहे. काटे आहेत म्हणून कोंब जगतात. काटे काढले की ते गुरांच्या आणि रानजनावरांच्या तोंडी जातात. शास्त्रज्ञाने गावकऱ्यांचे म्हणणे शिरोधार्य मानले नाही, तसे ते धुडकावलेही नाही. त्याने ते तपासले. काटे काढलेली बेटे आणि काटे राखलेली बेटे यांतील कोंबांची नोंद ठेवली. निष्कर्ष गावकऱ्यांच्या बाजूने निघाला. साफ केलेल्या बेटांतले कोंब फस्त होत होते. म्हणजे खात्याने मुद्दलाचा आकडा फुगवून धरला होता आणि वर ज्यातून व्याज यायचे, त्या कोंबांचे कुंपणही आपल्याच हातांनी तोडले होते.

येथे वनखात्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. त्या अधिकाऱ्यांत कष्टाळू आणि प्रामाणिक माणसे खचितच असतील. सारा प्रश्न पाहण्याच्या जागेचा आहे. ज्याला काठी हवी, त्याची नजर काठीवर. काटा त्याला आड येतो, म्हणून तो काट्याला अडथळा म्हणतो. ज्याचे घर रानाला लागून आहे, ज्याची गुरे त्याच रानात चरतात, ज्याच्या चुलीवर कोंबाची भाजी शिजते, त्याला काटा कशासाठी आहे हे ठाऊक असते. कारण त्या काट्याने त्याला आणि त्याच्या गुरांनाही अनेकदा परत पाठविलेले असते. शास्त्र या दोघांच्या मध्ये उभे राहून खरेखोटे पारखू शकते, पण त्यासाठी त्याने दोघांचेही ऐकून घ्यावे लागते. खात्याच्या आयोजनेत काठ्यांसाठी रकाना होता. कोंबांसाठी आणि कोंब खाणाऱ्यांसाठी नव्हता. ज्याला रकाना नसतो, ते हिशेबात धरले जात नाही. आणि जे हिशेबात नाही, त्याचा ऱ्हास कोणाच्या ध्यानातही येत नाही.

वेळूची उणीव भरून काढण्यासाठी पुढे निलगिरीची लागवड करण्यात आली. ठिकठिकाणी जुने मिश्र रान समूळ तोडून त्या जागी निलगिरीच्या रांगा उभ्या केल्या. हे झाड झपाट्याने वाढते, अशी त्याची ख्याती होती. तेव्हा उत्पन्नाचे अंदाज पुन्हा एकदा भरघोस मांडले गेले. परंतु सह्याद्रीचा मुसळधार पाऊस त्या आकड्यांनी पाहिलेला नव्हता. अतिवृष्टीच्या पट्ट्यात निलगिरीला बुरशीचा रोग लागला, झाडे वाळली आणि अपेक्षित उत्पन्न कोठेच मिळाले नाही. एका मुलखात मोजलेली वाढ दुसऱ्या मुलखात गृहीत धरता येत नाही, हा धडा असा महाग पडला.

या अनुभवांतून मोजणीच्या शास्त्राने काही शिकले की नाही? काही अंशी निश्चित शिकले. आज भर दिला जातो तो कायमच्या नमुना-क्षेत्रांवर. याच विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली तमिळनाडूतील मुदुमलईच्या अरण्यात ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला. त्यात एक सेंटीमीटर वा अधिक व्यासाच्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. ही झाडे पंचवीस हजारांहून अधिक भरली. दरसाल कोणते झाड मेले, कशाने मेले आणि नवे कोणते आले, याची गणती तेथे चालू आहे. तेथल्या वारंगाच्या झाडांची संख्या काही वर्षांत झपाट्याने घटली. मोजणाऱ्यांनी पाहिले तो हत्ती ती मोडून खात होते. एकदा जाऊन मोजून येणाऱ्याला हे कधीच कळले नसते. माणसाचा स्वभाव जसा एका भेटीत कळत नाही, तसे रानाचे व्याजही एका मोजणीत कळत नाही.

दुसरीकडे आकाशातून मोजणी होऊ लागली आहे. डेहराडून येथे १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८७ पासून तिचे देशव्यापी अहवाल निघत आहेत. २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशातील वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. आकडा वाचून समाधान वाटते. पण तो कशाचा आहे, हे पाहावे लागते. एक हेक्टराहून मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांची दहा टक्के वा अधिक सावली असेल, तर ती जागा या गणनेत वनाच्छादित ठरते, मग तेथे सह्याद्रीचे मिश्र रान असो वा आमराई असो वा नारळाची बाग असो. उपग्रहाला हिरवा शेंडा दिसतो. त्या शेंड्याखाली पुढच्या पिढीचे रोप आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. म्हणून या संस्थेलाही जमिनीवर माणसे पाठवून नमुन्याची क्षेत्रे मोजून घ्यावी लागतात. कळकाचा कोंब मोजायचा तर कोणीतरी चिखलात पाय घालून बेटापाशी वाकलेच पाहिजे.

हे वाकणे कोणी करायचे, याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या वेळूच्या तोडीला या गावाने फार पूर्वीच विरोध केला होता. गावात अभ्यासगट चालवावा, विषय सर्व बाजूंनी समजून घ्यावा आणि मग सर्वानुमते निर्णय करावा, अशी तेथील रीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना आपल्या परंपरागत वनावर सामूहिक हक्क मागता येऊ लागला. त्यानुसार २००९ साली मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील हक्क मिळाला. तरी वेळू गावाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद राहिलाच. कारण १९२७ च्या वनकायद्याने गवत असलेल्या वेळूची गणना वृक्षात केली होती. अखेर एप्रिल २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि गावाने आपला वेळू आपण विकला. पुढे २०१७ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील वेळू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. वनस्पतिशास्त्राला जे प्रथमपासून ठाऊक होते, ते कायद्याने मान्य करण्यास नव्वद वर्षे लागली. आणि तेही अर्धेच मान्य केले.

गावाच्या हाती मोजणी दिली की सारे कुशल होईल, असा भाबडा विश्वास आम्ही बाळगीत नाही. हाव शहरात असते तशी खेड्यातही असू शकते. पण एक भेद उघड आहे. मोजणी चुकल्यास कारखान्याला दुसरे रान मिळते, अधिकाऱ्याची बदली दुसऱ्या विभागात होते. मेदाराला आणि रानालगतच्या गावकऱ्याला दुसरे रान नसते. ज्याला चुकीचे फळ भोगावे लागणार, त्याच्या हातातील फीत अधिक जपून लागते. त्याच्याजवळ रानाचे ज्ञान असते. शास्त्राजवळ ते ज्ञान पारखण्याची पद्धत असते. दांडेलीच्या रानात ही दोन्ही एकत्र आली, ती वेळू संपत आल्यावर. आधी आली असती, तर कितीतरी बुरुडांची घरे आपल्या धंद्यात टिकली असती आणि कारखान्यालाही वेळूसाठी देशभर भटकावे लागले नसते.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या परसात, विशेषतः गोमंतकात आणि बेळगाव-खानापूरकडे, वेळूचे एखादे बेट असेल. त्यांच्यासाठी चार शब्द लिहून हा लेख पुरा करतो. कळक असेल तर बुडाशी असलेले काटे निष्कारण साफ करू नयेत. कोंब फुटण्याच्या दिवसांत बेटापाशी गुरे सोडू नयेत. यंदाची आणि गेल्या सालची काठी कधीही तोडू नये. तीन पावसाळे पाहिलेली काठीच काढावी आणि तीही सर्व एकदम न काढता काही जाणत्या काठ्या नव्यांच्या आधारासाठी ठेवाव्यात. जमिनीखालच्या खोडाला इजा करू नये. कळक चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी एकदाच फुलतो आणि बी धरून सारे बेट मरून जाते. तसे झाले तर घाबरून जमीन नांगरू नये, पडलेल्या बियांतून उगवणारी रोपे राखावीत. आणि दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, यंदाचे किती कोंब तगले हे मोजून घरच्या वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. शक्य तर हे काम घरातील मुलांकडे सोपवावे. पाच-सात वर्षांच्या नोंदी झाल्या की, आपल्या बेटाचे व्याज किती, हे कोणत्याही आयोजनेपेक्षा अधिक नेमके कळेल. आणि पुढे कोणी येऊन तुमचे बेट दाट झाले आहे, साफ करून टाका, असे सांगू लागला, तर त्याच्यापुढे ठेवायला घरात एक वही तरी असेल.